चुन्याचा ओटा

एका ओट्यापायी मी दोन माणसांशी खोटं बोललो. एकाशी एक वाक्य, दुसऱ्याशी एक. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या दोघांपैकी एक माझे बाबा, दुसरे आमच्या घराचे आर्किटेक्ट भालेराव सर. बाबा आता नाहीत. सर आहेत, म्हणून लिहायला बसलो. पण सरांची आठवण काढली की कबुलीच्या आधी हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही.

कारण भालेराव सर नसलेल्या भिंतीतून कुणाला जाऊ देत नसत.

भिवंडीजवळ खाडीकाठी आमचं गाव. दोन हजार चार-पाचच्या सुमारास आमचं शेत गोदामाला गेलं आणि जुन्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत बंगला बांधायचं ठरलं. कुणीतरी सरांचं नाव सुचवलं. त्यांचं ऑफिस भिवंडीत, एका लूमच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली लूम चालू झाले की वर टेबल, खुर्ची, कपबशी, सगळं थरथरायचं. सर अशा वेळी पेन्सिल कानामागे ठेवून बसून राहायचे. लोडशेडिंगचे दिवस होते. वीज गेली की अख्खी भिवंडी शिव्या घालायची आणि सर उठून बाह्या दुमडायचे. "लाइट गेली! चला, आता रेघ सरळ येईल." आमच्या घराचा प्लॅन तयार व्हायला चार महिने का लागले, हे यावरून लक्षात यावं.

पहिल्या भेटीत मी माझी यादी वाचली. खाली मोठा हॉल, वर तीन बेडरूम, समोरून बंगला झकास दिसला पाहिजे. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर तुमचा पहिला पाय कुठं पडतो?"

"म्हणजे? जमिनीवर."

"ते कळलं हो. कुठल्या बाजूच्या?"

मला वाटलं, हा माणूस कामाचा नाही. पण दुसऱ्या दिवशी ते आमच्या जुन्या घरी आले आणि पहिल्या चहापासून दिवेलागणीपर्यंत कोपऱ्यात वही घेऊन बसले. कोण कुणाला धडकतं, कुणाचे कपडे कुठं वाळतात, आई हंडा उतरवताना किती वाकते, सगळं वहीत. आई वैतागली. "आरं, ह्यो बांधाला आलाय का जनगणना कराला?"

बाबा त्यांना इंजनेर म्हणायचे. सर समजवायचे, "बाबा, इंजिनियर घर पडू देत नाही. आर्किटेक्ट तुम्हाला घरात अडखळू देत नाही. मी दुसरा."

"बरा, इंजनेर," बाबा म्हणायचे.

सरांनी घरातल्या प्रत्येकाला विचारलं, काय हवं. सगळ्यांनी भरभरून सांगितलं. बाबा म्हणाले, "मना काय नको." सर त्यांच्याजवळ बसले. बाबा जाळं विणत होते. खाडीत मासा उरला नव्हता, जाळ्याला गिऱ्हाईक नव्हतं, पण बाबांचे हात थांबत नसत. बऱ्याच वेळानं ते सुईवरची नजर न काढता म्हणाले, "बसाला पुढं जरासा ओटा पायजे. सकालचा उन पाठीव यावा. आन जाला टांगाला एक खुंटी."

सर उठले, खिशातून टेप काढली आणि बसल्या जागी बाबांचा हात वर करायला लावून बोटांपर्यंतची उंची मोजली. बाबा लाजले. त्यांचं माप आजवर फक्त शिंप्यानं घेतलं होतं.

मग आला फक्कीचा दिवस. कागदावरचा प्लॅन सरांनी चुन्याच्या फक्कीनं जागेवर आखला, अगदी खऱ्या मापाचा. दारांच्या जागी रेघ सोडलेली. आणि आम्हाला फर्मान, "आता यात एक दिवस राहून दाखवा."

सगळं गाव बघायला लोटलं. आई नसलेल्या कट्ट्यावर नसलेली भाकरी थापत होती. मी नसलेल्या बाथरूममध्ये उभा राहून अंगाला साबण लावल्याची नक्कल करत होतो. "कोपर भिंतीला लागलं!" सर ओरडले. "बाथरूम सहा इंच वाढवा!" मावशी आली ती थेट हॉलमधून चालत.

"मावशी, भिंत आहे तिथं!"

"कुठं हाय रं भिंत?"

"होणार आहे. दारातून या."

मावशी बिचारी मागं गेली आणि पदर सावरून दारातून आली. एक शेळी बेडरूममधून सरळ देवघरात गेली, तेव्हा सर तिच्यामागंही "दारातून! दारातून!" करत धावले. तेवढ्यात माझं लक्ष बाबांकडे गेलं. ते त्यांच्या ओट्याच्या चौकोनात, सहा बाय तीनच्या, जमिनीवर मांडी घालून बसले होते. पाठीवर ऊन. त्यांनी हात वर करून हवेत खुंटी चाचपली आणि मान हलवली. जमली होती.

परवानगीसाठी सरांनी वेगळा नकाशा काढला. म्हणाले, "हा साहेबांचा, यात फक्त खोल्या. हा तुमचा, यात माणसं." आमच्या नकाशावर लिहिलं होतं: आईचा कट्टा. सुनेचं वाळवण. बाबांची खुंटी.

काम सुरू झाल्यावर तर ते रोजच हजर. सलीम मिस्त्रीचा आणि त्यांचा तमाशा बघायला मजूर हातातली पाटी खाली ठेवायचे. "मिस्त्री, ये दीवार थक गयी है क्या? किसके कंधे पे झुक रही है?" सलीम ओळंबा सोडून बघायचा, भिंत खरंच बोटभर कललेली. "साहब, आपकी आँख में ही ओलंबा है," म्हणत तो ती उतरवायचा. स्लॅब पडल्यावर रोज जेवणाच्या वेळी सरांचा फोन. "जेवलात? स्लॅब प्यायला का?" आधी त्याला पाणी, मग आम्हाला भाकरी.

बदल मात्र सहज करू द्यायचे नाहीत. "पेन्सिलीचं रबरानं जातं, विटेचं घणानं. आत्ता बोला." आईशी भांडले, माझ्याशी भांडले, सलीमशी तर रोजच. पण एक नियम पक्का: ज्याचा कोपरा, त्याचा शब्द शेवटचा. त्यापुढं ते कुणाचं ऐकत नसत, स्वतःचंही नाही.

हा नियम मला ठाऊक होता. म्हणूनच मला खोटं बोलता आलं.

मी तेव्हा नवी मोठी गाडी घेतली होती. गेटमधून आत वळवायला ओटा आडवा येत होता. हे कारण खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं आज सांगतो. गोदामवाले, ट्रान्सपोर्टवाले माझ्याकडे यायचे. बंगल्याच्या तोंडावरच कमरेला टॉवेल गुंडाळलेला उघडा म्हातारा जाळं विणत बसलेला त्यांना दिसणार, याची मला लाज वाटत होती. माझ्या बापाची.

बाबा गुडघ्यांसाठी आत्याकडे अकलोलीला गेले होते, गरम कुंडात पाय शेकायला. पंधरा दिवस येणार नव्हते. मी सरांच्या ऑफिसात गेलो आणि म्हणालो, "ओटा काढून टाका सर. बाबाच नको म्हणतात. म्हणाले, आता जाळं कोण विणतंय."

"बाबा स्वतः म्हणाले?"

"हो."

खाली लूम दणदणत होते, टेबल थरथरत होतं. तरीही सरांनी रबर उचललं. मी म्हणालो, "लाइट गेल्यावर करा ना, घाई नाही."

"खोडायला हात स्थिर लागत नाही," ते म्हणाले. आधी ओटा खोडला, मग खुंटी.

बाबा परतले तेव्हा त्या जागी फरशी बसली होती. तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "ओटा खय गेला?"

"सर विसरले, बाबा. आता जागा बसत नाही."

"इसरला आसंल," बाबा म्हणाले. "मानूस हाय. तू बोलू नको त्याला, वाईट वाटंल."

वास्तुशांतीला दोघं शेजारी जेवायला बसले. बाबांनी ओट्याचा विषय काढला नाही, इंजनेर ओशाळेल म्हणून. सरांनी काढला नाही, बाबांचा शब्द शेवटचा म्हणून. दोन सज्जन माणसांनी माझं खोटं असं दोन्ही बाजूंनी सांभाळलं. मी वाढत होतो. सरांनी जिलबी घेतली नाही.

पुढची तीन वर्षं बाबा मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे. जाळं टाकीच्या पायपाला अडकवलेलं. सकाळचं ऊन तिथं येत नाही.

बाबा गेल्याचं कळल्यावर सर दुसऱ्या दिवशी भेटायला आले. गाडी पाहुण्यांना आणायला गेली होती, पुढची जागा मोकळी होती. सकाळपासून आलेलं प्रत्येक माणूस गेटमधून सरळ फरशी तुडवत दारात येत होतं. सर आत आले, चार पावलं चालले आणि थांबले. मग उजवीकडे वळले. सहा फूट पुढं, तीन फूट आत, असे कडेकडेनं आले आणि दारापाशी पोचले.

"सर असे वळसा घालून का आले?" बायकोनं हळूच विचारलं.

मी सरांसाठी आईजवळ सतरंजी अंथरली.

सर आईजवळ बसले. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबांना तो ओटा का नको वाटला, ते विचारायचं राहूनच गेलं. तीन वर्षं डोक्यात आहे. एवढी घरं केली, पण घरातल्यानं स्वतः हात वर करून खुंटी चाचपलेली तेवढी एकच. बहुतेक उंच झाली असेल. माझंच माप चुकलं."

मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, "चहा घ्या सर."

त्यांनी चहा घेतला आणि गेले, पुन्हा तसाच वळसा घालून.

सर आता अंबाडीला बहिणीच्या घरी मागच्या खोलीत राहतात. स्वतःचं घर त्यांनी बांधलंच नाही. मी त्या रस्त्यानं वाडा गावी कामाला जातो, महिन्यातून दोनदा. त्यांच्या दारावरून गाडी नेतो, थांबत नाही.

माप चुकलं नव्हतं सर. खुंटी बरोबर उंचीवर होती. बाबांना ओटा हवा होता, मला नको होता. एवढं त्यांच्या समोर बसून सांगायचं मी अजून देणं लागतो.