चौकशीचे पोहे

शेजार कसा जोडावा, हे माझ्याकडून शिका! दिवा स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये नळाला पाणी नाही, लिफ्टच्या खड्ड्यात लिफ्ट नाही, पण शेजारधर्म चोवीस तास, फुल प्रेशरने! माझ्या थोरल्या मुलीचं, प्रियांकाचं लग्न जमलं ते निम्मं समोरच्या विमलावहिनींमुळे. मुलाकडची माणसं गुपचूप चौकशीला आली, तर वहिनींनी आमच्या घराण्याची अशी आरती ओवाळली की ती जिन्यातूनच होकार देऊन गेली. तेव्हाच मी त्यांचे हात धरून म्हटलेलं, "वहिनी, धाकट्या संचिताच्या वेळीही असंच सांभाळून घ्या हं!"

हे मी विसरले. वहिनी नाही विसरल्या.

यंदा संचिताचा फार्मसीला नंबर लागला. घरात पेढे आले नाहीत, नुसती शांतता आली. वागळे इस्टेटमधलं ह्यांचं वर्कशॉप दिवाळीच्या आधीच बंद पडलेलं. हे आता घोडबंदरला एका सोसायटीच्या गेटवर उभे असतात. बिल्डिंगमध्ये कुणाला पत्ता नाही. डबा तोच, निघायची वेळ तीच, फक्त युनिफॉर्म पिशवीत.

आशा एकच. मुलींची फी सरकार भरतं. पण त्याला उत्पन्नाचा दाखला हवा, तोही शनिवारच्या आत. नाहीतर सीट दुसऱ्या कुणाची.

"आधी आमचा माणूस घरी येऊन चौकशी करेल," तहसील कचेरीच्या खिडकीतली बाई म्हणाली.

येऊ दे की! गरिबी आमच्याकडे अस्सल होती, दुकानातून आणायची नव्हती. आडवा येत होता तो एकटा फ्रिज. ह्यांच्या बऱ्या दिवसांतला, दोन दारांचा. आत पाण्याच्या बाटल्या आणि अर्धं लिंबू, पण बाहेरून अगदी नगरसेवकासारखा रुबाब! संचिता आणि मी तो ढकलत वहिनींच्या पॅसेजमध्ये नेला.

"अगं, हे काय चाललंय?"

"जरा जागा करतेय. माणूस यायचाय चौकशीला." पुढचं सांगायला जीभ वळेना.

वहिनींचे डोळे निरांजनासारखे उजळले. "संचितासाठीच ना?"

"हो," मी म्हटलं. खोटं काय होतं त्यात?

माणूस गुरुवारी आला. नेमका पाण्याचा टँकर आलेला, आणि मी खाली बादल्या घेऊन रांगेत. आमच्या दाराला कुलूप. त्याने समोरची बेल वाजवली आणि शेजाऱ्यांकडेच चौकशी सुरू केली. पुढचं मला वहिनींनीच सांगितलं, तेही अभिमानाने.

"घरात कमावणारे किती?"

मुलाकडचे दुसरं काय विचारतात? वहिनींनी त्याला पंख्याखाली बसवलं, पोह्यांवर खोबरं भुरभुरलं आणि सुरुवात केली. "मालक एकटेच, पण दहांना भारी! सुपरवायझर आहेत. ऐंशी हजार तर नुसता पगार!"

"शेती?"

"शेती कसली, बागा म्हणा! आंबा, काजू!"

"आणि कल्याणला फ्लॅट बुक केलाय," आतून वहिनींचे यजमान गुणाजीभाऊ ओरडले. आपल्यालाही काहीतरी सांगायला हवं, म्हणून.

"आणि वाटेतला हा फ्रिज कुणाचा?"

"त्यांचाच! जुना आहे, म्हणून आमच्याकडे ठेवलाय."

मी धापा टाकत वर पोचले तर गृहस्थ बशीतला शेवटचा शेंगदाणा बोटाने वेचत होते. मांडीवर फाइल. "चांगलं घर आहे हो तुमचं," ते म्हणाले, आणि त्यांच्या गळ्यातलं सरकारी ओळखपत्र मला दिसलं. हातातली बादली तिथेच कलंडली. टँकरचं पाणी जिन्यावरून वाहत खाली गेलं.

"साहेब, हे सगळं खोटं आहे! आमची नोकरी गेलीय! आमचे हे गेटवर वॉचमन आहेत!"

नऊ महिने दाबून ठेवलेलं वाक्य एका दमात सगळ्या मजल्यांनी ऐकलं. वहिनींचा चेहरा पडला. "अगं, मला नाही का सांगायचंस!" मग त्यांना कंठ फुटला. "साहेब, लिहा! फार गरीब हो! साखरसुद्धा माझ्याकडून नेतात!"

"गेल्या महिन्यात कांदेपण नेले!" गुणाजीभाऊ.

"मगाशी बागा होत्या," साहेब शांतपणे म्हणाले. "बाई, मी सरकारी माणूस आहे कळलं की सगळेच गरीब होतात. बेसावध माणूस सांगतो तेच खरं." आणि 'पोहे छान होते' असं म्हणून निघून गेले.

शुक्रवारी अर्जावर शेरा पडला. उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त. शनिवार आला आणि गेला. संचिता रडली नाही. तिने केसांना रबर लावलं आणि स्टेशनबाहेरच्या मेडिकलमध्ये काउंटरवर उभी राहिली. "तिथेपण औषधंच आहेत ना, आई," म्हणाली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ह्यांनी मात्र आता युनिफॉर्म घरूनच घालून जायला सुरुवात केली. तेवढीच पिशवी हलकी.

पंधरवड्याने, रविवारी, जिन्यात पावलं वाजली. तेच साहेब! पाठीमागे त्यांची पत्नी, पेढ्यांचा बॉक्स आणि भाचा.

"सहज आलो," साहेब वहिनींना म्हणाले. "एवढं चांगलं घर. म्हटलं, मुलगी बघून जावी. त्या दिवशी तुमच्या शेजारीणबाई गरिबीचं बोलल्या ते दाखल्यापुरतं, माहीत आहे आम्हाला."

पण वहिनी आता शहाण्या झालेल्या! दोन्ही हात कठड्यांना लावून त्यांनी जिनाच अडवला. "कसलं चांगलं घर? नोकरी नाही, बागा नाहीत, फ्लॅट नाही! मुलीचा बाप वॉचमन! मुलगी मेडिकलमध्ये पुड्या बांधते!"

साहेबांनी पत्नीकडे बघितलं. पत्नीने भाच्याकडे. आणि काय सांगू, यावेळी त्यांना लगेच पटलं! बॉक्स पुन्हा पिशवीत गेला. वरात वळली.

मी अनवाणीच धावले. "साहेब! साहेब, लग्नाचं राहू दे! आत्ता जे पटलं ना, तेवढं जरा लेखी देता का?"

साहेब दोन पायऱ्या खाली थांबले. "नव्याने अर्ज करा. पुढच्या वर्षी." मग जरा ओशाळून, "चौकशी होईल."

मी कठडा धरून उभी राहिले. वरून वहिनींनी डोळे पुसत विचारलं, "ए, तेव्हा पोहे करायचे की नाही, एवढं मात्र आधी सांगून ठेव हं!"