तिथीवर उघडणारी गाडी

रघूभाऊ मयेकरांच्या वडापावच्या गाडीवर उघडण्याची वेळ लिहिलेली नसायची. तिथी लिहिलेली असायची. काळ्या पाटीवर खडूने, ठळक इंग्रजी अक्षरांत: आज दशमी. बस्स. ज्याला यावरून काय ते कळेल त्याने यावं, ज्याला कळत नसेल त्याने घरी जाऊन सँडविच खावं, असा एकूण खाक्या. असला खाक्या पुण्यात खपून जातो. पण ही गाडी उभी असायची आयर्लंडमध्ये, डंडॉकच्या बाहेर, आमच्या किनाऱ्यावरच्या गावात. तिथे दशमी कशाशी खातात हे ठाऊक असणारी माणसं म्हणजे मी, माझा नवरा आणि त्याच्या कंपनीतली चार-दोन टाळकी. त्यातही आम्हाला कितपत ठाऊक होतं ते विचारू नका.

आमचं गाव म्हणजे एक लांबलचक रस्ता, त्याच्या कडेने बुटकी दगडी भिंत आणि भिंतीपलीकडे समुद्र. म्हणजे असला तर. ओहोटीला हा समुद्र रुसून माहेरी निघून जातो. नजर पोचेल तिथपर्यंत नुसता चिखल, आणि त्यात चोची खुपसणारे पक्षी. घर भाड्याने घ्यायला आलो तेव्हा एजंट 'सी व्ह्यू, सी व्ह्यू' करत होता आणि मला खिडकीतून चिखल दिसत होता. मी नवऱ्याला मराठीत म्हणाले, "चल, हा फसवतोय." अर्थात संध्याकाळी पाणी आलं आणि मी गप्प बसले.

रघूभाऊंची आणि माझी पहिली भेट फेब्रुवारीतल्या एका रविवारी झाली. चक्क ऊन पडलं होतं. इथे ऊन पडलं की माणसं घरात गॅस चालू ठेवूनही बाहेर धावतील. भिंतीवर ही गर्दी. आणि गर्दीच्या मधोमध एक पिवळी गाडी, त्यावर वडापावचं चित्र, शटर बंद, आणि शेजारी घडीच्या खुर्चीवर कानटोपी घातलेला पन्नाशीचा माणूस चिखलाकडे बघत बसलेला.

"गाडी बंद आहे का हो?" मी मराठीतच विचारलं. वडापावचं चित्र काढणारा दुसरा कोण असणार?

"बंद नाय, ताई. पाणी यायचंय."

मी पुण्याची. मला वाटलं, नळाला.

"आज तृतीया," ते म्हणाले. "तिनाची पाऊणपट किती? सव्वादोन. सव्वादोनला पाणी भिंतीला लागेल. वडे दीडपासून."

त्यांचं शास्त्र एवढंच होतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हर्णैच्या बंदरावर त्यांच्या वडिलांची चहाची टपरी होती. होड्या भरतीला आत येणार, मासळीचा लिलाव होणार, ओली-गारठलेली माणसं चहा मागणार. तेव्हा टपरीची चूल भरतीवरच पेटायची. घड्याळ वडिलांकडे नव्हतंच. रघूभाऊंनी ती चूल जशीच्या तशी उचलून आयरिश समुद्रापुढे मांडली होती.

मी मोबाइल काढून भरतीची वेळ पाहिली. पाच-दहा मिनिटांच्या फरकाने तोही तेच म्हणत होता. रघूभाऊंनी वाकून पाहिलं. "बरोबर हाय त्याचं," ते म्हणाले. "शिकेल हळूहळू."

"पण एवढी माणसं उभी आहेत. आत्ताच तळले तर चार जास्त खपतील ना?"

"समोर पाणी नाय, ताई. चिखलाला काय चहा पाजू?"

आता या धंद्याला काय म्हणावं? पण धंदा चालायचा. कारण त्या समुद्रात पोहणारी मंडळी. इथल्या बर्फगार पाण्यात रोज उतरणाऱ्या पंधरा-वीस बायका-पुरुषांचा एक कंपू आहे. पाणी भिंतीपाशी आलं की ते उतरतात, किंचाळतात आणि जांभळे ओठ घेऊन वर येतात. त्या क्षणी समोर गरम वडा आणि आल्याचा चहा असेल तर माणूस कुठलाही धर्म स्वीकारेल. त्यांची म्होरकी ब्रीडा, निवृत्त शाळामास्तरीण. ती मला दुकानात भेटली की आधी हवेबद्दल बोलायची आणि मग आवाज खाली आणून विचारायची, "आज अष्टमी ना गं?" अष्टमीच्या आसपासची भरती कमी पाण्याची. त्याला रघूभाऊ 'भांग' म्हणायचे आणि त्या दिवसांत त्यांचा चेहराही तसाच उतरलेला असायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र मिरच्या फुकट.

या शास्त्रात खोट एकच, आणि ती दर वर्षी येते. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे सरकतात. रघूभाऊंनी पाटीवर नेहमीसारखी तिथी लिहिली. ब्रीडाच्या कंपूला एव्हाना पाऊणपट पाठ झाली होती. सगळे वेळेवर कपडे उतरवून भिंतीवर हजर. पाणी लांब, अजून तासाभराच्या अंतरावर. वारा असा की दात वाजत होते.

"राघू," ब्रीडा ओरडली, "तुझा चंद्र लेट आहे!"

"चंद्र लेट नाय," रघूभाऊ शांतपणे म्हणाले. "तुमचं सरकार लवकर हाय."

दुसऱ्या दिवसापासून पाटीवर दोन ओळी आल्या: चंद्राची वेळ आणि सरकारची वेळ. पण मनगटावरचं घड्याळ त्यांनी काही पुढे केलं नाही. सबंध उन्हाळा ते आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला तासभर उशिरा यायचे. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आले तेव्हा केकचा चुरा उरला होता. "आम्ही वेळेवर आलो," ते बसत म्हणाले. "तुम्ही लवकर खाल्लात."

दुसरं वेड रेडिओचं. समुद्राचं हवामान सांगायला लागले की गाडीतलं सगळं थांबायचं. उकळता चहासुद्धा खाली उतरायचा. ते बातमीपत्र म्हणजे किनाऱ्यावरच्या टोकांची नावं, मॅलिन हेड, हाऊथ हेड, कार्लिंगफर्डची खाडी, आणि त्या त्या टोकांमधला वारा, पाऊस, दृष्टी कुठवर पोचते ते. रघूभाऊ या टोकांबद्दल सासुरवाडीच्या माणसांसारखं बोलायचे. "मॅलिन हेडला आज बरं नाय." "हाऊथचं काय सांगू नका, सकाळी एक बोलतो, दुपारी भलतंच." आणि सगळं ठीक असलं तर, "दर्या ग्रँड हाय." काही दिवस मात्र ते बातमीपत्रानंतर एकदम गप्प व्हायचे, आणि त्या दिवशी वडे हमखास करपायचे. आम्ही तेलाला दोष द्यायचो.

तर अशा या माणसाच्या बायकोला किलकेनीत नोकरी लागली.

संगीतावहिनी परिचारिका. तेव्हाची नोकरी ब्युमॉन्टच्या मोठ्या इस्पितळात, म्हणजे डब्लिनच्या अलीकडे, मोटरवेने तासाभरावर. बारा तासांची पाळी, वर जाण्यायेण्याचे दोन तास, बऱ्याचदा रात्रपाळी. मूळ व्हिसा त्यांचा. रघूभाऊ त्यांच्यामागून आलेले. किलकेनीतलं पद वॉर्डच्या प्रमुखाचं होतं, पाळी दिवसाची आणि घर इस्पितळापासून चालत जाण्याच्या अंतरावर. सोन्यासारखी संधी. अडचण एकच. किलकेनीला समुद्र नाही. कुठल्याच बाजूला.

वहिनी माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा गार करत होत्या. "मी त्यांना सांगितलंय, नोकरी लागली म्हणून. ते म्हणाले, छान. मग दोन दिवस काही बोललेच नाहीत. शुक्रवारपर्यंत कळवायचंय मला."

"मग विचारा ना सरळ."

"विचारलं तर ते हो म्हणतील. आणि तिथे जाऊन नुसते बसून राहतील. पहिल्या वर्षी कसे बसले होते ते मी पाहिलंय. पुन्हा नाही पाहायचं मला. तुम्ही बघा जरा. तुमच्याशी बोलतात." मग उठता उठता म्हणाल्या, "नाहीतर मी नको कळवते. ब्युमॉन्ट काय वाईट आहे?" आणि जांभई हातामागे दडवली.

दुसऱ्या दिवशी मी पाटी पाहून, पाऊणपट करून, भरतीला गेले. पोहणारे पाण्यात होते. रघूभाऊ वडे सोडत होते. मी आडवळणं घ्यायला लागले. किलकेनीचा किल्ला किती सुंदर, नदी किती छान. रघूभाऊंनी झारा खाली ठेवला.

"तिने पाठवलं काय?"

मी मान हलवली. लपवून उपयोग नव्हता.

"ताई, मला पोहता येत नाय, ठाऊक हाय तुम्हाला?"

मला नव्हतं ठाऊक. एवढी वर्षं समुद्राचं नाव घोकणारा माणूस!

"गुडघ्यापलीकडे कधी गेलो नाय. भीती वाटते. दर्यात मला काय करायचंय? पण आम्ही आलो ना इथे, तेव्हा ती कामावर जायची, मी घरात एकटा. फोनवर बोलायला भाषा नाय, बाहेर ओळखीचं कुत्रं नाय. भाजी वेगळी, दिवस मावळायची वेळ वेगळी. या भिंतीवर येऊन बसलो एकदा. समोर चिखल. सहज आठवलं, आज सप्तमी. साताची पाऊणपट सव्वापाच. बघू म्हटलं. बसून राहिलो." त्यांनी भिंतीकडे हात केला. "सव्वापाचला आलं पाणी, ताई. इथपर्यंत. सगळ्या या मुलखात माझ्या हिशोबाने वागणारं तेवढंच एक निघालं. मी रडलो हो भिंतीवर."

मी कागदी रुमालांचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला.

तेवढ्यात रेडिओवर समुद्राचं हवामान सुरू झालं. रघूभाऊंचा हात आपोआप चहाखालचा गॅस बंद करायला गेला. टोकांची नावं येत गेली. हाऊथ हेड ते कार्लिंगफर्ड, धुकं, दृष्टी कमी. त्यांचा चेहरा बदलला. कढईतले वडे काळे व्हायला लागले तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"आज संध्याकाळची पाळी सुटते तिची," ते म्हणाले. "हाऊथ हेड ते कार्लिंगफर्ड. तिचा रस्ता त्याच किनाऱ्याने येतो ना. बाकीची टोकं मी उगाच ऐकतो. तेवढंच एक माझं."

मी कढईकडे बघत राहिले. दोन वर्षं आम्ही तेल बदला, तेल बदला म्हणून त्यांच्या मागे लागलो होतो.

"तिला सांगा," करपलेले वडे उपसत ते म्हणाले, "मी पहिल्या दिवशीच ठरवलंय. मी हो म्हटलं तर ती म्हणणार, माझ्यासाठी म्हणताय. आणि नोकरी नाकारणार. म्हणून बोललो नाय. चालत कामावर जाणार म्हणते ती. चालत! मग हा रेडिओ मी ब्रीडाला देऊन टाकणार."

दोघंही एकमेकांसाठी गप्प बसले होते आणि मध्ये मी पोस्टमन. घरी जाऊन वहिनींना फोन केला. पलीकडून बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "वेडा आहे तो माणूस." मी म्हणाले, "ते आम्हाला आधीपासून माहीत आहे."

ते गेले तेव्हा उधाण होतं. रघूभाऊंनी सगळ्यांना वडे फुकट खाऊ घातले. ब्रीडाने त्यांना ओल्या अंगानेच मिठी मारली, आणि रघूभाऊ आयुष्यात पहिल्यांदा आयरिश समुद्रात भिजले.

रेडिओ ब्रीडाकडे गेला. पाटी माझ्याकडे आली, कारण तिथी कळणारं गावात आता दुसरं कोण? मी पुण्याची, चतुर्थीसुद्धा आईचा फोन आल्यावर कळणारी. पण पोहणारी माणसं आशेने बघत होती. मुकाट्याने स्वयंपाकघरात मराठी कॅलेंडर लावलं आणि कामावर जाता जाता पाटी लिहायला लागले, दोन्ही ओळींत. ब्रीडा माझी पाऊणपट तपासून घेते.

किलकेनीत रघूभाऊंची पिवळी गाडी नदीकाठी उभी राहते. ठरलेल्या वेळी उघडते, ठरलेल्या वेळी बंद होते. वहिनी सांगतात, जेवायला दोघं एकत्र असतात आता. वडे करपत नाहीत. एवढ्यासाठी तरी बरं झालं म्हणायचं, आणि मी ते मनापासून म्हणते.

फक्त परवा, सुट्टी होती म्हणून भिंतीवर बसले होते, तर त्यांचा फोन आला.

"ताई, आज एकादशी."

"हो. पाटीवर लिहिलंय."

"कुठे आहात?"

"भिंतीवरच."

मागून गिऱ्हाइकांचे आवाज येत होते, कुणीतरी दोन चहा मागत होतं.

"आलं काय पाणी?"

मी समोर पाहिलं. चिखल केव्हाच बुडाला होता. ब्रीडाची मंडळी किंचाळत उतरत होती.

"आलं, रघूभाऊ."

"वेळेवर?"

"अगदी वेळेवर."

"बरं," ते म्हणाले, आणि चहा गाळायला गेले.