जाणारा माणूस नवा साबण काढत नाही

टीव्हीतल्या माणसांच्या तोंडावर टॉर्च मारणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. दरवर्षी तीन महिने, रोज संध्याकाळी साडेआठला, आणि तोही त्याच्या शेजारी बसून चिवडा खात.

खांबेटेकाका कोलकात्यात, आमच्या डमडमच्या सोसायटीत समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे सांगलीकडचे, पण उभा जन्म खिदिरपूरच्या गोदीत, कस्टममध्ये गेला. जहाजातून उतरलेली खोकी उघडायची आणि कागदावर लिहिलंय तेच आत आहे ना हे बघायचं, हे त्यांचं काम. नोकरी संपली, पुढे काकूही गेल्या, टॉर्च तेवढा राहिला. आता तपासायला खोकी नाहीत, म्हणून काका माणसं तपासतात. आणि त्यासाठी 'बारह ताले'सारखी दुसरी जागा नाही.

हा कार्यक्रम ज्यांनी पाहिला नाही ते सुखी आहेत. तरी थोडक्यात सांगतो. एका घरात बारा जणांना कोंडतात. दर आठवड्याला एक जण बाहेर. शेवटपर्यंत घरात उरेल तो जिंकला. मधल्या काळात एकमेकांच्या गळ्यात गळे घालायचे, आयांच्या शपथा घ्यायच्या आणि आपल्याच माणसाचं नाव गुपचूप चिठ्ठीवर लिहायचं. कोणाला वाचवायचं ते बघणारे मोबाईलवर मत देऊन ठरवतात. एवढंच आहे त्यात. पण काकांचं रक्त असं उसळतं की विचारू नका.

"लेबल काय लावलंय बघ! 'तू माझा सख्खा भाऊ' म्हणे! लेबल वेगळं, माल वेगळा! उघड ते खोकं!" असं ओरडून ते टॉर्चचा झोत थेट त्या माणसाच्या डोळ्यांवर मारतात. आपल्याला काचेवर एक पांढरा ठिपका दिसतो, बाकी काही नाही. काकांना मात्र काहीतरी दिसत असावं, कारण 'हा शुक्रवारी उलटणार' असं ते म्हणाले की तो शुक्रवारी उलटतोच.

बघताना पोशाखही ड्यूटीवरचा. इस्त्रीचा शर्ट, पट्टा आणि चक्क बूट. माझी बायको मृदुला एकदा म्हणाली, "काका, घरातल्या घरात बूट कशाला? चप्पल तरी घाला."

"ड्यूटीवर चप्पल? काहीतरीच काय बोलतेस!"

जाहिराती लागल्या की नाड्या सैल करतात आणि कार्यक्रम सुरू झाला की परत आवळतात. हे रोज चारदा.

मी बँकेतला माणूस, सहा वर्षांपूर्वी बदलून कोलकात्यात आलो. पहिल्याच हिवाळ्यात काकांनी मला सोफ्यावर बसवून विचारलं, "सुहास, तुझ्याकडे एक मत आहे ना मोबाईलवर? माझ्याकडे एक. आपली युती. दोन्ही मतं एकालाच. फुटायचं नाही."

चिवडा उत्तम होता, मी हो म्हणालो. पुढच्याच वर्षी एस्प्लनेडला मेट्रोच्या गर्दीत घाईघाईत माझं बोट भलत्याच नावावर पडलं आणि मी मूर्खासारखा ते त्यांना सांगून बसलो. तीन दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत. जिन्यात दिसलो की भिंतीकडे बघायचे. चौथ्या दिवशी दार वाजलं. बाहेर काका, हातात चिवड्याची वाटी.

"चौकशी पूर्ण झाली. हेतू वाईट नव्हता असं आढळलं. चल, साडेआठ वाजत आलेत."

अशा माणसाला मला यंदा एक गोष्ट सांगायची होती आणि धीर होत नव्हता. माझी पुण्याला बदली झाली होती. झाली कसली, मीच मागून घेतली होती. आई एकटी राहते, उन्हाळ्यात न्हाणीघरात पडली, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दुर्गापूजेच्या सुट्टीआधी ऑर्डर हातात आली. जानेवारीत हजर व्हायचं. मृदुला म्हणाली, "काकांना आजच सांग." मी म्हणालो, "सांगतो ना, उद्या." असे उद्या पुष्कळ गेले.

पूजेत आम्ही पुण्याला जाऊन आलो. इथल्या मराठी घरांची एक रीत आहे. जो कोणी गावी निघेल त्याच्या हातात सगळे याद्या कोंबतात: गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी. आपलं सामान राहिलं तरी चालेल, पण लोकांचं आलं पाहिजे. परत आलो की काका टॉर्च घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशी उभे. "हं, डिक्लेअर कर!" मग मृदुला बॅग रिकामी करते, पुड्यांवरची नावं वाचते आणि काका प्रत्येक पुडीवर उजेड टाकत शंभर प्रश्न विचारतात. भाजणी जाड दळली का, मसाल्यात दगडफूल आहे का, तीळ जुने नाहीत ना.

यंदा त्यांनी सगळ्या टेबलावरून टॉर्च फिरवला. एकदा, मग परत एकदा. स्वतःची मसाल्याची पुडी उचलली, "ठीक आहे," म्हणाले आणि निघून गेले. एकही प्रश्न नाही. दमले असतील, असं मला वाटलं.

त्यानंतर हरलीन प्रकरण झालं. 'बारह ताले'मध्ये यंदा हरलीन आणि बिट्टू या दोघांची घट्ट जोडी होती. फायनलला बरोबर जायचं, अशी शपथ घेतलेली. काकांची आणि माझी दोन्ही मतं एका आठवड्याला तिला, पुढच्या आठवड्याला त्याला. एका मंगळवारी हरलीन मोरीत हात धुताना दिसली आणि काका ताडकन उठले.

"गेली ही!"

"कुठं गेली? हात धुतेय की."

"साबण बघ साबण! चिपटी राहिलीय नुसती. शेजारी नवी वडी आहे, तिचा कागदसुद्धा फाडला नाही तिनं. जाणारा माणूस नवा साबण काढत नाही, सुहास."

मृदुला चहा घेऊन आली होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी चहात बिस्किट बुडवून तसंच विसरलो.

शुक्रवारी उलगडा झाला. घरात एक गुप्त खोली असते, तिथे जाऊन ज्याला हवी त्याला स्वतःच्या घरी जायची चावी मागता येते. हरलीननं ती मंगळवारीच मागितली होती. आई आजारी होती म्हणे. पण बिट्टूला पत्ता लागू दिला नाही. शुक्रवारी बॅग घेऊन दारात उभी राहिली तेव्हा तो पोरगा तिच्याकडे बघतच राहिला.

काका एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. टॉर्चचा झोत थेट तिच्या तोंडावर होता.

"तीन दिवस! तीन दिवस त्याच्या ताटातला पराठा खात होती ही बया! हसत होती! 'कल क्या बनाएँगे' म्हणून विचारत होती! अगं, सांगायचंस एका शब्दानं! त्यानं काय पाय धरून ठेवले असते तुझे?"

माझ्या घशात चिवड्यातला शेंगदाणा अडकला. मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. काका पाठीवर थोपटत राहिले. "हळू रे, हळू. पळून नाही चाललाय चिवडा."

त्या दिवसापासून मला स्वतःची लाज वाटायला लागली. फायनलच्या रविवारी सकाळी मात्र मी मनाशी ठरवून गेलो. काका खिडकीपाशी बसून बुटांना पॉलिश करत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बदली, आई, जानेवारी, सगळं एका दमात.

काकांनी ब्रश थांबवला नाही. "माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"तूच. पूजेहून आलास तेव्हा टेबलावर सात पुड्या होत्या. सेनगुप्तांच्या मराठी सुनेची, माझी, बाकी सगळ्यांची. तुमच्या घरची एकही नव्हती. मी दोनदा टॉर्च फिरवला. सहा वर्षांत मृदुला स्वतःच्या मसाल्याशिवाय पुण्याहून आलेली नाही."

मी स्टूल ओढून बसलो. "मग काका, बोलला का नाहीत?"

"तू डिक्लेअर केलं नव्हतंस. आपणहून सांगायला माणसाला मुदत देतात. तशी दिली."

"आणि हरलीनवर एवढे संतापलात ते?"

काकांनी बूट खाली ठेवला, दुसरा उचलला. "तुझ्यावर संतापता येत नव्हतं ना, लेका. आई पडली तुझी. जायलाच हवं तुला. मग कोणावर तरी ओरडायला नको का?"

 काकांनी ब्रशवर पॉलिश घेतलं. "काकू होती तेव्हा आम्ही दोघं मोजायचो. ह्या जिन्यातून अकरा मराठी बिऱ्हाडं गेली. बँकवाले, रेल्वेवाले. तुमचं बारावं." मग हसले. "शेवटपर्यंत घरात उरेल तो जिंकला म्हणतात ना त्यांच्यात? मग मीच जिंकलो की रे."

मला हसता आलं नाही. मी त्यांचा पॉलिश लागलेला हात धरला. त्यांनी दोन क्षण धरू दिला आणि मग उठून आतून एक स्टीलचा डबा आणला.

"हा मृदुलाला दे. गोडा मसाला आहे. तुमचा कधीच संपलाय. दसऱ्यापासून तुमच्या आमटीला चव नाही, मी बोललो नाही एवढंच. अजून दोन आठवडे काढायचेत तुम्हाला. अर्धा आहे हं, माझा अर्धा मी काढून ठेवलाय."

"नक्की ना, काका?"

"कस्टमवाल्याला विचारतोस? निघ आता. साडेआठला वेळेवर ये, मत द्यायचंय."

घरी येऊन मृदुलानं डबा उघडला. आत तिनेच पुण्याहून आणलेली पुडी होती. अख्खी. वर तिच्याच अक्षरात 'खांबेटेकाका' लिहिलेलं. दोरासुद्धा सोडलेला नव्हता.

मृदुलानं दोरा सोडला. मग तिनं डाळ शिजायला लावली, डोळे पुसले आणि मला म्हणाली, "जा, काकांना सांग, आज जेवायला इकडेच यायचं. आणि बूट घालून आले तरी चालेल म्हणावं."