पुढच्या खिडकीवर

आमची मनोरमा भिकाऱ्यालासुद्धा "पुढच्या खिडकीवर जा" म्हणायची. तो बिचारा पुढच्या खिडकीवर जाई, तर तिथं हीच भाकरी घेऊन उभी.

मी सुतार माणूस, मराठी चौथी. ती बी.ए. झालेली. लोक विचारायचे, हे जमलं कसं? जमायचं काय त्यात! लग्न झालं तेव्हा दोघंही चौथीच होतो. मग ती शिकत गेली, मी रंधा मारत गेलो. ती युनिव्हर्सिटीच्या कचेरीत लागली, खिडकीवर बसली आणि चढत चढत सगळ्या खिडक्यांची मुख्य झाली. पंख्याची खोली मिळाली, दारावर पाटी लागली. पण बाई त्या खोलीत टिकेल तर शपथ.

एकदा तिचा डबा घरी राहिला म्हणून मी तो घेऊन कचेरीत गेलो. बघतो तर ही खिडकीत. समोर कोकणातलं एक पोरगं, हातात अर्ज, तोंडावर घाम. हिनं चष्म्यावरून बघितलं. "पुढच्या खिडकीवर."

पोरगं गेलं. ती खिडकी बंद. जरा वेळानं फळी उघडली, आत हीच.

"काय रे, काय काम आहे?"

"बाई, मघाशी तुम्हीच तर..."

"ती चौकशीची खिडकी. ही कामाची. जे काय असेल ते इथं दे." आणि गजांतून हात बाहेर.

तिथला कारकून पोरांवर वसकन ओरडायचा. म्हणून ही आतून धावत जाऊन त्याच्या खुर्चीवर बसायची. पोरं तिला खिडकीवरची आई म्हणायची. मी म्हटलं, "अगं, तू मुख्य ना? त्या कारकुनालाच झाप की." तर म्हणाली, "अहो, त्याला झापलं तर तो उद्या दुप्पट ओरडेल. खुर्ची बळकावली की गप्प बसतो."

मुलुंडला मिठागरांच्या बाजूला आमची बैठी चाळ. आमचं घर टोकाचं. मागच्या भिंतीला दोन खिडक्या, दोन्ही मिठागराकडे. पहिली बाहेरच्या खोलीची. तिथं मी तिला स्टूल करून दिलं होतं. दुसऱ्या खोलीत तेव्हा पोटभाडेकरू होते, दामूअण्णा. म्हातारा एकटा जीव, दम्यानं शिट्टी वाजवायचा. मागे नुसती पायवाट आणि मिठाचे पांढरे ढीग. सकाळी एखादा भिकारी येई तेवढाच, दुपारी तिकडे कुत्रंसुद्धा फिरकत नसे.

एका रविवारी दुपारी ती स्टुलावर तांदूळ निवडत होती, मी करवतीला धार लावत होतो. मान वर न करता ती म्हणाली, "पुढच्या खिडकीवर."

मी बघितलं. बाहेर कोणी नाही.

"कोणाला गं?"

"कोणीतरी होतं. तांदळात सावली पडली."

ऊन केव्हाच पुढच्या अंगणात गेलेलं. त्या वेळेला मागच्या खिडकीतून सावली आत पडतच नाही. सुताराला उजेड कळतो. मी पुन्हा करवतीला धार लावू लागलो.

चहाच्या वेळी दामूअण्णांना हाक मारली. ते खिडकीकडे तोंड करून बसलेले, मान थोडी पुढे, कोणी काही विचारलं की बघतो ना माणूस, तसे. शिट्टी कायमची बंद.

मनोरमाचं ते दुपारचं वाक्य मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण चाळीत भिंतींना कान. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काशीबाई आल्या. "वहिनी, आमची खिडकी तिसरी हो. तुमची माणसं तिथवर पाठवू नका."

मनोरमा हसली. "काशीबाई, तिसऱ्या खिडकीला वरून मंजुरी लागते."

हसली खरी. पण त्या दिवसापासून घरातल्या खिडकीत ते वाक्य तिनं काढलं नाही. भिकारी आला तरी "थांब, आणते" म्हणायची. कचेरीत चालूच होतं, घरात बंद.

पुढे ती दुसरी खोली आमच्या कुसुमला दिली. एकुलती पोर, कॉलेजात जाणारी. पलंग खिडकीला लावून रात्रंदिवस वाचायची, थेट आईवर गेलेली.

मग तापाची साथ आली आणि कुसुम आडवी झाली. ताप उतरेना. पोर भिंतीशी बोलायला लागली. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आजची संध्याकाळ निघू दे."

दुपारी मी चुलीवर पेज ढवळत होतो. कुसुम तिच्या पलंगावर, मनोरमा बाहेर स्टुलावर. एवढ्यात तिचा कचेरीतला आवाज आला.

"काय काम आहे?"

थोडा वेळ काहीच नाही. मग, "पुढची खिडकी बंद आहे."

पुन्हा शांत. पळी माझ्या हातात तशीच राहिली.

"बंद म्हणजे बंद. जे काय असेल ते इथं द्या."

मी धावत गेलो. ती ताठ बसली होती, हात गजांतून बाहेर, तळवा उघडा. बाहेर पायवाट, मिठाचे ढीग, बाकी काही नाही. मांडीवरच्या सुपात तांदूळ, आणि अर्ध्या तांदळावर सावली. बघता बघता तिनं मूठ मिटली, हात आत घेतला. सूप पांढरं झालं.

"कोण होतं गं?"

"तुम्ही पेजेकडे बघा. करपेल."

दिवेलागणीला कुसुमला घाम फुटला. ताप उतरला, खायला मागितलं. मी सांगायला धावलो, मनोरमाचा हात धरला, तर हात तव्यासारखा.

आठवडाभर होती. पडल्या पडल्या एकच विचारायची, "कुसुमनं पेज घेतली?" डॉक्टर म्हणाले, साथीचा ताप, पोरीकडून आईला लागला. असेल. मी चौथी शिकलेला, मी काय बोलणार?

ती गेली त्या दिवशी कचेरीतली माणसं आली, पोरं आली. घरात मावेनात. कोणी सांगितलं नाही, तरी पोरं मागच्या बाजूला गेली आणि पहिल्या खिडकीपासून मिठागरापर्यंत रांग लावून उभी राहिली. काशीबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बघा मेल्यांना, अजून रांगेतच."

दुसऱ्या खिडकीला मी आतून फळ्या ठोकल्या. कुसुम भांडते, "बाबा, वारा नाही, उजेड नाही, मी वाचू कशी?"

"बंद आहे म्हटलं ना."

"अगदी आईसारखं बोलता!"

तिला काही सांगितलेलं नाही.

दुपारी मी स्टुलावर बसतो. तांदूळ निवडता येत नाहीत, तरी सूप मांडीवर घेतो. कधीतरी सावली पडेल, तेव्हा उठून जाईन. तिकडे पहिल्या खिडकीवर गेलो आणि कोणी म्हणालं "पुढच्या खिडकीवर जा", तर मी कटकट करणार नाही. मुकाट जाईन. तिथं कोण बसलंय, मला ठाऊक आहे.