गफारमामूंचा हात

गफारमामूंच्या हातात काही देऊ नये. साधा जेवणाचा डबा दिला तरी तळहातावर खालीवर करणार, डोळे मिटणार आणि सांगणार, "सातशे ग्रॅम." मग पिशवीतून बाळं तोलायचा काटा काढून खात्री करणार. तोवर आमची भाजी गारढोण!

हिंगोली जिल्ह्यात आई-बाळांच्या आरोग्याचा अभ्यास चाललाय. आम्ही पोरी घरोघर फॉर्म भरतो, मामू आमचे सुपरवायझर. आखाडा बाळापूरच्या बाजारात त्यांनी वांगी हातावर तोलून भांडण काढलं. "अर्ध्या किलोत एक वांगं कमी हाय, बाई." काटा लावला, तर मामूच खरे! भाजीवाली म्हणाली, "ह्या मानसाला घरीच ठिवा वो."

कामात मात्र महाखडूस. साखरा गावच्या एका बाईला बाळाचं जन्मावेळचं वजन विचारलं, तर ती म्हणाली, "आडीच किलो असंल लेकरू." मी तेच लिहिलं. मामूंनी फॉर्म टराटरा फाडला.

"दवाखान्याचं जन्माचं कार्ड बघितलं का? न्हाई ना? मंग 'माहीत नाही' लिही. अंदाज म्हंजी खोटं, पोरी."

त्या एका रकान्यासाठी भर उन्हात परत पाठवलं. मी मनातल्या मनात काय काय बोलले, ते इथं सांगण्यासारखं नाही.

गेल्या महिन्यात यादीत हट्टा गावातलं त्यांचंच घर निघालं. आपल्या घरचा फॉर्म आपण भरायचा नसतो, म्हणून मी गेले. मामू दारात पाठमोरे उभे.

मामी म्हणाल्या, "दोन पोरी हैत. झालं."

पुढचा प्रश्न ठरलेला. जन्मून नंतर गेलेलं एखादं? मामी पदराचं टोक पिळत बसल्या. दारातून आवाज आला, "काहून लपवतीस? पयलं लेकरू हाय की."

मुलगा होता. घरीच झाला, तासाभरात गेला. तोलायला कुणी नव्हतं.

"वजन?" विचारताना माझीच मला लाज वाटली.

"ह्यांनीच घेतलं व्हतं हातावर," मामी म्हणाल्या. "तवापास्नं दिसंल ते तोलून राहिले. म्हनतेत, हात पक्का झाला की आठवंल."

मामू वळले. तळहात पसरलेला, रिकामा.

"एक किलो सातशे. आता हात चुकत न्हाई माजा."

माझे डोळे भरून आले. मी एकचा आकडा काढलासुद्धा. कोण बघणार होतं?

मामूंनी माझं पेन धरलं. "कार्ड हाय का, पोरी?"

"न्हाई, मामू."

"मंग बराबर लिही."

मी आकडा खोडला आणि 'माहीत नाही' लिहिलं. खाली सुपरवायझर म्हणून मामूंनी सही केली.