भाव उतरला का येतो

आमच्या मूल गावात एका माणसाला कॅलेंडर लागत नाही. सुखदेवभाऊंना माझ्या लग्नाची तारीख विचारून पाहा. तारीख नाही सांगणार. म्हणतील, "तुयं लगन? दिरहम साडेसतरावर होता तवा." समोरच्या विहाराला रंग दिला तो पंधराच्या भावात, आणि माझ्या औषधाच्या दुकानात मांजर व्याली ती बाविसाच्या. एकदा भाऊ गुडघा दाखवायला गेले, तर डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतो? भाऊ म्हणाले, "अठरा रुपये वीस पैशापासून." डॉक्टर गावात नवे होते. त्यांना वाटलं, म्हातारा आधीच्या डॉक्टरची फी सांगतोय.

दिरहम म्हणजे दुबईकडचं चलन. भाऊंनी ते कधी वापरलेलं नाही, कारण त्यांची सारी हयात मूलच्या बाजारात धानाच्या काट्यावर गेली. पण त्यांचा प्रवीण तिकडे एसी दुरुस्तीला गेला. तेव्हा एक दिरहम बारा रुपयांच्या आसपास होता. निघताना बापाने विचारलं, "येशीन कवा?" पोरगा बॅग उचलता उचलता म्हणाला, "भाव उतरला का येतो बाबा. मंग तिथी राहून फायदा काय?"

पोरगा बोलून गेला आणि विसरला. भाऊ विसरले नाहीत. पोरगा कायमचा घरी यायला पाहिजे आणि त्यासाठी दिरहम उतरायला पाहिजे, इतका सरळ त्यांचा हिशेब. दिरहमला तो मान्य नाही. तो चढतोच आहे, आणि प्रवीण दोन वर्षांतून एकदा येऊन महिनाभर राहून जातो.

पण भाऊ खचणारा माणूस नव्हे. रोज सकाळी मोबाइलवर भाव पाहून माझ्या काउंटरला टेकतात आणि खणखणीत आवाजात जाहीर करतात. गिऱ्हाईक तापाची गोळी मागत असलं तरी आधी भाव ऐकूनच जातं. वर भाऊंचा सिद्धांत ऐकावा लागतो तो वेगळा: "कोणताई भाव असो, आवक आली का उतरतेच. दिवाळीनंतर धान नाई उतरत का?"

एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, "भाऊ, दिरहम शेतात पिकत नाही. तो डॉलरला बांधलेला असतो."

"बांधलेला बैल बी सुटते," भाऊ म्हणाले. "तू गोळ्या वीक."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण त्याला दोन तास लागले असते आणि दुकानात गर्दी होती.

मध्ये एकदा खरोखरच भाव थोडा घसरला. भाऊंनी लगेच प्रवीणच्या खोलीतला पंखा बदलला. "जुन्याचा आवाज येते. तिकडं एसीत राह्यलेला पोरगा हाय, झोप नाई लागणार त्याले." आठवडाभरात भाव पुन्हा चढला. खोलीत नवा पंखा तेवढा राहिला. तरी भाऊ रोज संध्याकाळी तो पाच मिनिटं चालवून बघतात. पंखा जाम होऊ नये म्हणून, असं सांगतात.

गेल्या महिन्यात शांताबाई, म्हणजे भाऊंची बायको, आजारी पडल्या. दम लागतो, चालवत नाही. त्यांची औषधं मीच घरी नेऊन देतो. त्या दिवशी सकाळी भाऊ काउंटरवर सांगून गेले होते, "पंधरा पैसे चढला." संध्याकाळी मी पिशवी घेऊन गेलो, तर भाऊ खाटेशेजारी बसून बायकोला सांगत होते, "आज दहा पैसे उतरला बरं. असाच उतरून राह्यला तर कापणीपर्यंत येतेच पोरगा."

मी दारातच थबकलो. एका पैशाची चूक दाखवायला भररस्त्यात माणूस अडवणारे भाऊ हे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पिशवीची गाठ सोडायला लागलो. ती काही सुटेना. भाऊ उठले आणि चहा ठेवायला आत गेले.

शांताबाई हळूच म्हणाल्या, "तुमाले वाटत असन, बाईले काई मालूम नाई. प्रवीणचा फोन मलेच येते रोज. चढलाच हाय थो."

"मग त्यांना सांगत का नाही?"

"कायले सांगू? दिवसभर चढलेला भाव घेऊन फिरते माणूस. घरी तरी उतरू द्या त्याले."

पिशवीची गाठ एकदाची सुटली, आणि मी गोळ्या खाटेशेजारी ठेवल्या. आतून कपबशांचा आवाज येत होता. प्रवीणच्या खोलीतला पंखाही सुरू होता.

भाऊ चहा घेऊन आले. कप माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, "काऊन रे, तू बी पायलं ना मोबाइलवर? सांग हिले. उतरला ना?"

"उतरला," मी म्हटलं.

भाऊ खाटेच्या कडेला टेकले आणि बशीत चहा ओतत मला म्हणाले, "नुसता उतरला नोको म्हणू. दहा पैसे उतरला म्हण."