हिरव्या काचेचा सौदा

"गॉगल घ्यायला काय अक्कल लागतीय व्हय? डोळ्यावर ठेवायचा, आरशात बघायचं, झालं!"

सांगलीच्या आपल्या घरात पोह्यांची बशी हातात धरून सुकुमार अण्णांनी हे जाहीर केलं. अण्णा एवढ्या खात्रीने बोलू लागले की त्यांच्या पत्नी राजमतीकाकू आतून पाण्याचा तांब्या घेऊनच येतात. पुढे काहीतरी घडणार आणि पाणी लागणार, हा अनुभव!

अण्णा म्हणजे तासगावच्या बेदाणा सौद्यातली नामांकित नजर. परगावच्या व्यापाऱ्यांसाठी बेदाणा खरेदी करून द्यायचा, हा त्यांचा धंदा. मूठभर माल तळहातावर घ्यायचा, एकदा बघायचा, एक दाणा तोंडात टाकायचा आणि भाव बोलायचा. हिरवा लांबट दाणा सगळ्यात वरच्या भावाचा, पिवळा त्याच्या बराच खाली आणि काळपट मालाचं तर नावच नको. या रंगांच्या पारखीवर अण्णांनी घर बांधलं, मुलाचं लग्न केलं आणि बाजारात मान मिळवला. सौद्यात पहिल्या रांगेतली एक प्लास्टिकची खुर्ची अण्णांची म्हणून ठरलेली होती. तिच्यावर दुसरं कुणी बसत नसे.

पण आता अण्णा थकले होते. खरं तर रस्त्याने त्यांना थकवलं होतं. तासगाव सांगलीच्या वरच्या अंगाला, पूर्वेकडे कललेलं. सकाळी सौद्याला निघावं तर उगवता सूर्य काचेतून थेट डोळ्यांत. संध्याकाळी परतावं तर तोच गृहस्थ मावळतीला जाऊन पुन्हा समोर हजर! बरं, सावकाश यावं म्हटलं तर अण्णा पक्के जैन. सूर्य मावळला की अन्नाचा कण तोंडात जायचा नाही. म्हणजे उपाशी झोपायचं नसेल तर रोज सूर्याकडे डोळे किलकिले करून बघत, त्याच्याशीच शर्यत लावत गाडी हाणायची. गेल्या आठवड्यात तर समोरचा ट्रॅक्टर त्यांना गाडी त्याला टेकल्यावरच दिसला.

"अण्णा, डोळं तपासून घ्या," मुलगा भरतेश म्हणाला. "मोतीबिंदू असंल."

नेमका हाच शब्द अण्णांना नको होता! डॉक्टरकडे गेलं की ऑपरेशन, ऑपरेशन झालं की विश्रांती, आणि विश्रांतीत असताना सौद्याला भरतेश जाणार. एकदा का बाजारात 'अण्णांना दिसत न्हाई' अशी कुजबुज झाली की ती खुर्ची गेली!

"माझं डोळं झकास हाईत," ते म्हणाले. "उन्हाचा तरास हाय फक्त. गॉगल घेतो!"

चष्म्याच्या दुकानात वीरधवल हा बोलका मालक. त्याने आधी एक मोठा, चकचकीत गॉगल चढवला. अण्णांनी आरशात पाहिलं. आरशातून भरतीत नापास झालेला फौजदार त्यांच्याकडे बघत होता! दुसऱ्याच्या काड्या हातभर रुंद.

"बाजूनं म्हस आली तर दिसंल का रं ह्यातनं?"

"न्हाई दिसणार अण्णा. गाडी चालवायला काडी बारीकच बरी." वीरधवलने तिसरा काढला. तो एवढा काळा की अण्णांना वाटलं, लाईट गेली!

"हाबी नको," वीरधवल स्वतःच म्हणाला. "झाडाच्या सावलीत गाडी शिरली की काय दिसणार न्हाई. तुमी राखाडी काच घ्या. ऊन कमी लागतंय आणि रंग हाय तसाच दिसतोय."

"राख कशाला डोळ्यावर सकाळी सकाळी?"

"मग तपकिरी?"

अण्णांनी तपकिरी लावून बघितला. सगळी सांगली गुळात बुडवल्यासारखी दिसली. त्यांनी तो काढून ठेवला आणि शेवटी हिरव्या काचेवर बोट ठेवलं. "हा दे! डोळ्याच्या डॉक्टरकडं हिरवी पट्टी का बांधत्यात? हिरव्यानं डोळं थंड पडत्यात."

"अण्णा, तुमचा धंदा रंगाचा हाय…"

"धंदा मला शिकवतोस व्हय रं?"

गिऱ्हाईक मोठं होतं. वीरधवलने वाद सोडून एक पांढरा कागद पुढे केला. नुसत्या डोळ्यांना कोरा दिसणाऱ्या त्या कागदावर गॉगलमधून चक्क मासा दिसू लागला!

"ही काच पाण्यावरची, रस्त्यावरची चकाकी मारती अण्णा. म्हणून आतला मासा दिसतोय."

"ते ठीक हाय, पर जैनाला मासा दाखवतोस? कमळ तरी छापायचं!"

तरी मनातून अण्णा खूश झाले होते. आता प्रश्न नंबरचा. गॉगलमध्ये नंबर टाकायचा म्हणजे डोळे तपासायला हवेत, असं वीरधवलने म्हणताच अण्णा खुर्चीतून ताडकन उठले. "तपासायचं काय काम न्हाई! ह्या चष्म्याचा हाय तो नंबर उतरवून घे."

दोन दिवसांनी गॉगल तयार झाला. अण्णांनी तो तिथेच चढवला आणि जुना चष्मा काउंटरवर ठेवून दिला. "काडी ढिली झालीया, आवळून ठेव. सौद्यावरनं येताना नेतो. न्हाई तर आता काय गरज त्याची? गाडीवरबी ह्योच आणि रोजच्यालाबी ह्योच!"

"एवढं ध्यानात ठेवा अण्णा, मोबाईल उभा धरला तर काळा दिसंल, आडवा…"

अण्णा आरशात होते.

त्या सकाळी तासगावचा रस्ता अण्णांना कधी नव्हे तो गोड लागला. समोरचा सूर्य लिंबाएवढा निरुपद्रवी झाला होता. डोळ्यांतून पाणी नाही, कपाळावर आठी नाही. इतक्या वर्षांत आपण हे आधी का नाही केलं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. दुतर्फा द्राक्षबागा एवढ्या हिरव्यागार दिसत होत्या की अण्णा गाडीत एकटेच गुणगुणायला लागले.

सौद्याच्या शेडमध्ये त्यांनी पाऊल टाकलं आणि गर्दी दोन्हीकडे फाकली.

"अण्णा, डोळं आलं काय?" लांबूनच कुणीतरी विचारलं.

"डोळं कशानं येत्यात! नवा गॉगल हाय. सरका!"

लोक सरकले, पण अस्वस्थ झाले. त्याचं कारण असं की तासगावात बेदाण्याकडे बघणारे थोडे आणि अण्णांच्या डोळ्यांकडे बघणारे फार. अण्णांचा डावा डोळा बारीक झाला की माल चांगला, भुवई वर गेली की खराब, हे बाजाराला पाठ होतं. त्या भुवईवर कित्येकांचे संसार चालले होते. आज भुवई आणि डोळा, दोन्ही हिरव्या काचेमागे!

पहिलाच लॉट तात्याबाचा. तात्याबा म्हसवडकडचा, बापजाद्यांपासून मेंढरं राखणारा. पाणी आलं म्हणून हल्लीच द्राक्षाकडे वळला होता. त्याचा पहिलाच बेदाणा, आणि शेडवर वाळवताना ऊन लागून सगळा पिवळा पडला होता. बिचारा कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभा होता, मिळेल तो भाव घ्यायचा आणि गुमान एसटी धरायची, अशा तयारीने.

अण्णांनी मूठ भरली. गॉगलसमोर धरली. एक दाणा तोंडात टाकला. दाणा गोडच होता, त्यात तात्याबाची काही चूक नव्हती.

"आहाहा! काय हिरवा माल हाय!" असं मनात म्हणून अण्णांनी भाव पुकारला. एक नंबर हिरव्याचा!

लिलाव पुकारणारा अडत्या खोकला. "अण्णा, ह्याच मालाला का?"

"मग काय तुझ्या टोपीला?"

अतिशय नावाचा एक तरुण व्यापारी शेजारीच उभा होता. तो अण्णांच्या भुवईवरच मोठा झालेला. त्याने शेजाऱ्याला कोपर मारलं. "म्हाताऱ्याला कायतरी कळलंय गड्या! पिवळ्याला कुठनं तरी मोठी मागणी हाय. डोळं झाकून आलाय बघ, आमाला कळू न्हाई म्हणून!" आणि त्याने अण्णांच्या वर भाव पुकारला.

अण्णा चिडले. कालचं पोरगं आपल्यावर चढतंय! त्यांनी आणखी चढवला. अतिशयने आणखी. शेवटी माल अण्णांच्या नावावर पडला तेव्हा तात्याबा मटकन पोत्यावर बसला.

मग काय विचारता! पुढचा लॉट पिवळा, अण्णांना हिरवा. त्याच्या पुढचा पिवळा, अण्णांना हिरवा. "औंदा माल लय सरस आलाय," असं पुटपुटत अण्णा घेत सुटले आणि सगळा बाजार त्यांच्यामागे पिवळ्यावर तुटून पडला. खरा हिरवा बेदाणा एका कडेला पडून राहिला. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघेना!

ही बातमी फोनवरून सांगलीला पोचायला कितीसा वेळ? भरतेशने घाबरून अण्णांना फोन लावला. खिशात मोबाईल वाजला. अण्णांनी तो काढून समोर उभा धरला. काळाठिक्कर! वाजतोय, पण दिसत काही नाही. त्यांनी तो मांडीवर आपटला, झटकला, फुंकर मारली. मोबाईल वाजतच राहिला.

"बॅटरी संपली वाटतं," म्हणून अण्णांनी तो वाजता मोबाईल खिशात घातला.

"बघ, बघ!" अतिशय कुजबुजला. "पार्टीचा फोन हाय. आपल्यासमोर उचलत न्हाईत!"

भाव आणखी चढले.

दुपारी सौदा थांबला तेव्हा अण्णा दमून सिद्धूच्या चहाच्या गाड्यावर गेले. सिद्धूने ग्लास पुढे केला. अण्णांनी आत पाहिलं आणि ओरडले, "आरं, ह्यो चहा हाय का डबक्यातलं पाणी? शेवाळं आलंय त्याच्यावर!"

"आवं अण्णा, गॉगल काढून बघा की!"

अण्णांनी गॉगल काढला. चहा चहाच्या रंगाचा होता. सहज त्यांनी खिशातून नमुन्याचे मूठभर दाणे काढून पाहिले. नंबर नसल्यामुळे दाणे धूसर दिसत होते, पण रंग काही धूसर नव्हता. हळदीने न्हाऊन निघाल्यासारखा पिवळा! अण्णांनी गॉगल लावला. हिरवा! काढला. पिवळा! चार वेळा लावला-काढला.

आता दोनच वाटा होत्या. गप्प बसावं, तर ज्यांच्यासाठी माल घेतला त्या परगावच्या लोकांना पिवळा माल हिरव्या भावाने जाणार. सांगावं, तर खुर्ची गेली! अण्णांनी चहा न पिताच ग्लास बाकावर ठेवला. खोटं त्यांना आजवर जमलं नव्हतं, आणि आता नव्याने शिकायचं वयही नव्हतं. ते उठले, शेडमध्ये आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ऐका रं सगळी. माझी चूक झाली. हिरवा गॉगल घालून माल घेतला. मला सगळा हिरवा दिसला. मला दिसत न्हाई आता!"

शेडभर हशा उठला!

"काय भारी थाप हाय!" अतिशयने टाळी दिली. "अण्णा जल्मात कवा खोटं बोलले न्हाईत. आज बोलायला लागले म्हणजे ऑर्डर लयच मोठी असणार!"

"आरं, खरं सांगतोय! देवाशप्पत!"

"शप्पतबी घ्यायला लागले! अण्णा, आमी काय पळून चाललोय का? अर्धा माल आमाला द्या, तुमच्या भावाच्या वर देतो."

"नको रं, बुडशीला!"

"बघा, देत न्हाईत!"

अण्णा जितकं नको म्हणत गेले तितके लोक चढत गेले. शेवटी व्यापाऱ्यांनी तो सगळा माल चढ्या भावाने अण्णांच्या हातून अक्षरशः ओरबाडून नेला. एकट्या तात्याबाने तेवढं अण्णांना बाजूला घेतलं. "आण्णा, मला तर त्यो पिवळाच दिसत हुता. म्हनलं, माझंच डोळं गेलं का काय!"

अण्णा परत निघाले. जुना चष्मा सांगलीत, म्हणून पुन्हा हिरवा गॉगल लावूनच. घरी पोचले तेव्हा थोडं ऊन शिल्लक होतं आणि ताट वाढलेलं होतं. दारातच भरतेश उभा. अण्णा काही बोलायच्या आत त्याने वाकून पाय धरले.

"अण्णा, काय डाव टाकला! सगळ्या बाजाराचा फोन येतोय. हिरवा पडून हाय आणि तुमी पिवळ्यात नफा काढून मोकळं!"

अण्णा ताटावर बसले. त्यांना फार फार दमल्यासारखं झालं होतं. आयुष्यात जे कधी बोलणार नाही असं ठरवलं होतं, ते त्यांनी मुलाला सांगितलं. "भरतेश, मला खरंच दिसत न्हाई रं. रोजच्या उन्हाचाबी कंटाळा आलाय. उद्यापासनं सौद्याला तू जा. मी ऑपरेशन करून घेतो, घरात बसतो."

भरतेश कान पकडून मागे सरला. "चेष्टा करू नका अण्णा! तुमच्या खुर्चीवर बसायची माझी लायकी न्हाई, हे मला आज कळलं. अजून धा वर्षं तरी तुमीच जायचं!" आणि तो समाधानाने आत निघून गेला.

अण्णांनी हताशपणे राजमतीकाकूंकडे पाहिलं. "तुझा तरी इस्वास बसतोय का गं?"

"बसतोय की," काकू भाकरी वाढत म्हणाल्या. "परवा बस्तीत देवदर्शन झाल्यावर माझ्या जागी भलत्याच बाईला 'चल लवकर' म्हणालात, तवाच कळलं."

"मग सांग की त्याला! तुझं ऐकंल त्यो!"

"मी कशाला सांगू?" काकू म्हणाल्या. "तुमी घरात बसला तर दिवसभर माझ्या मागं लावलेली तुमची भुणभुण कोण ऐकणार? जेवा बिगीनं, आणि लवकर झोपा. सकाळी सौदा हाय."